दिवस जाण्याआधी सुरू करायची गोळी

घरात व्यंग असलेले मूल जन्माला आले की उपचारांच्या आधी चौकशी सुरू होते ती दोषाची. ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली होती का, तिन्हीसांजेला ती झाडाखाली गेली होती का, डोहाळे पुरवायचे राहिले होते का, असे प्रश्न विचारले जातात. बहुतेक वेळा सगळ्यांचे बोट आईकडे वळते. आज अशाच एका जन्मजात व्यंगाविषयी लिहायचे आहे. त्याचे एक महत्त्वाचे कारण वैद्यकशास्त्राला माहीत आहे, त्यावरचा प्रतिबंधक उपायही अगदी स्वस्त आहे. तरीसुद्धा हा उपाय अनेक घरांत वाया जातो, कारण तो उशिरा सुरू होतो.

गोरेगावच्या आरे कॉलनीत मी गेली अनेक वर्षे गरोदर स्त्रिया आणि लहान मुले तपासते. ज्या वाचकांनी आरे पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. शहरातले म्हशींचे तबेले एका जागी आणून मुंबईला चांगले दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली ही दुग्ध वसाहत उभी राहिली. या कामात पुढाकार घेणारे दारा खुरोडी यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वसाहतीत तबेल्यांचे युनिट आहेत, कामगारांच्या चाळी आहेत आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून असलेले आदिवासी पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कोकणा अशी कुटुंबे तिथे राहतात. पाड्यातल्या बायकांनी जे प्रश्न मला विचारले, तेच प्रश्न तालुक्याच्या गावातल्या सुशिक्षित घरांतूनही येतात. म्हणून हा लेख सर्वांसाठी आहे.

करंजीची कड मिटते तसे

गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक चपटा पापुद्रा असतो. या पापुद्र्याच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात, एकमेकींजवळ येतात आणि जुळतात. करंजीत सारण भरल्यावर आपण कडा दाबून मिटवतो, साधारण तसेच हे असते. कडा मिटल्या की एक नळी तयार होते. तिला मज्जानलिका म्हणतात. या नळीच्या वरच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तयार होतो.

करंजीची कड एखाद्या ठिकाणी नीट मिटली नाही तर ती तळताना तिथेच उकलते. मज्जानलिकेचेही तसेच आहे. ती खालच्या बाजूला उघडी राहिली तर मुलाच्या पाठीच्या कण्यात फट राहते आणि पाठीवर पातळ आवरणाची गाठ किंवा उघडी जखम दिसते. याला स्पायना बायफिडा म्हणतात. अशा मुलांच्या पायांत कमी-अधिक दुबळेपणा असतो, लघवी आणि शौचावर ताबा राहत नाही, पुष्कळांच्या डोक्यात पाणी साठते. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. असे मूल पोटातच दगावते किंवा जन्मल्यानंतर काही तासांत, फार तर काही दिवसांत जाते.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. त्यानंतर ती मिटवता येत नाही आणि उघडी राहिलेली कोणत्याही गोळीने जुळत नाही.

जरा बोटांवर मोजून पाहा

समजा, एका स्त्रीची शेवटची पाळी १ जूनला आली. पाळी नियमित असेल तर गर्भधारणा साधारण १५ जूनच्या सुमारास होते. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी. ती आली नाही. घरात लग्नकार्य असेल, शेतीची किंवा कामाची घाई असेल, तर आठ-दहा दिवस लांबले म्हणून कोणी लक्ष देत नाही. १३ जुलैला पाळी चुकून दोन आठवडे होतात. तेव्हा कुठे ती सासूच्या किंवा नणंदेच्या कानावर घालते. पण १३ जुलै हाच गर्भधारणेनंतरचा अठ्ठाविसावा दिवस आहे. म्हणजे घरात बातमी कळेपर्यंत बाळाची मज्जानलिका मिटलेली असते, किंवा मिटायची राहून गेलेली असते.

पुढे दवाखान्यात नाव घातले जाते तिसऱ्या महिन्यात, कधी चौथ्या. तिथे लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. पाड्यातली एक तरुण मुलगी मला याच गोळ्यांविषयी विचारत होती. तिचे पहिले मूल पाठीवर उघडी जखम घेऊन जन्मले आणि काही आठवड्यांत गेले. "बाई, मी एकही गोळी चुकवली नाही. पाकिटं मोजून देते तुम्हाला. मग असं का झालं?" असे ती म्हणाली. तिच्या सासूचे उत्तर तयार होते : ग्रहणात हिने भाजी चिरली.

मी त्या दोघींना समोर बसवून वरचा तारखांचा हिशेब मांडला. सुनेने गोळ्या घेतल्या ते योग्यच होते, त्यांनी तिच्या अंगातले रक्त वाढले. पण त्या सुरू होण्याच्या दोन महिने आधीच बाळाची पाठ घडून गेली होती. यात विळीचा संबंध नाही आणि सुनेचाही दोष नाही. पुढच्या खेपेला दिवस जाण्याआधीपासून तिला फॉलिक ॲसिडची मोठ्या मात्रेची गोळी चालू केली. दुसरे बाळ सुखरूप जन्मले. मात्र एका बाळावरून औषधाचा गुण ठरत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. त्यासाठी कितीतरी स्त्रियांचा काळजीपूर्वक अभ्यास करावा लागतो. तसा अभ्यास झालेला आहे आणि त्याच्या मुळाशी असलेले संशोधन आपल्या परळला झाले.

परळची संशोधक आणि यीस्टचा अर्क

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर स्त्रियांना एक प्रकारचा गंभीर रक्तक्षय होत असे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या दिसत. अनेक जणी त्यात दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्स यांनी याचा शोध सुरू केला. आधी त्यांनी जंतुसंसर्गाची शंका तपासली, मग या बायकांच्या आहाराकडे लक्ष वळवले. प्राण्यांवर प्रयोग केले. शेवटी त्यांनी यीस्टचा एक स्वस्त अर्क, जो बाजारात 'मार्माइट' नावाने मिळतो, तो रुग्णांना दिला आणि त्या झपाट्याने सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कळले नव्हते, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स घटक' असे म्हणू लागले.

१९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या प्रचंड साठ्यातून एक द्रव्य वेगळे काढले. पानाला लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. विल्स यांच्या अर्कातला गुणकारी घटक याच कुळातला होता. हे बी गटातले एक जीवनसत्त्व आहे.

शरीरात नवीन पेशी तयार होताना जुन्या पेशीतल्या आनुवंशिक आराखड्याची नक्कल करावी लागते. त्या कामाला फॉलिक ॲसिड लागते. रक्ताच्या पेशी सतत नव्या तयार होतात म्हणून त्याची कमतरता प्रथम रक्तात दिसते. आणि गर्भाच्या पहिल्या महिन्यात तर पेशी इतक्या वेगाने वाढतात की कमतरता असेल तर नळी मिटण्याच्या कामात खंड पडू शकतो.

पुरावा कसा मिळाला

फॉलिक ॲसिड आणि या व्यंगाचा संबंध असावा, अशी शंका इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९६५ साली मांडली. पक्का पुरावा मिळायला १९९१ साल उजाडले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतल्या ३३ केंद्रांत १,८१७ स्त्रियांवर चाचणी घेतली. या सर्व स्त्रियांना आधी असे व्यंग असलेले मूल झालेले होते. चिठ्ठ्या टाकून काहींना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि काहींना ते नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या, त्याही दिवस जाण्याआधीपासून. १,१९५ गर्भारपणांचा निकाल हाती आला तेव्हा २७ बाळांत हे व्यंग आढळले. त्यांपैकी फॉलिक ॲसिड घेणाऱ्या मातांची बाळे होती ६ आणि न घेणाऱ्यांची २१. म्हणजे धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली, कारण उरलेल्या स्त्रियांना गोळीपासून वंचित ठेवणे आता योग्य नव्हते.

त्याच सुमारास आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची अशीच चाचणी चालू होती. ब्रिटिश निकाल आल्यावर तीही थांबवावी लागली. जेवढी माहिती जमली होती ती २००० साली प्रसिद्ध झाली. व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्या गटात २.९ टक्के, तर दुसऱ्या गटात ७ टक्के होते. स्त्रियांची संख्या थोडी असल्याने एवढ्यावरून शास्त्रीय निष्कर्ष पक्का म्हणता येत नव्हता, पण कल तोच होता.

आधी असे मूल न झालेल्या स्त्रियांचे काय? हंगेरीत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली जीवनसत्त्वे घेणाऱ्या २,१०४ स्त्रियांत एकाही बाळाला हे व्यंग झाले नाही. न घेणाऱ्या २,०५२ जणींत सहा बाळांना झाले. चीनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मोहिमेत रोज फक्त ०.४ मिलिग्रॅमची गोळी वापरली गेली आणि जिथे हे व्यंग फार होते त्या उत्तर भागात ते सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले, ते याच कारणासाठी.

किती घ्यावे, कधी घ्यावे

मूल हवे असलेल्या प्रत्येक स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ०.४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. दिवस जाण्याच्या निदान एक महिना आधी, शक्यतो तीन महिने आधी सुरुवात करावी आणि तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे. आपल्याकडे दिवस ठरवून कोण राहते, असे पुष्कळ जणी म्हणतात. ते खरे आहे. म्हणूनच सोपा नियम असा : लग्न झाले आणि पाळणा लांबवण्याचे साधन वापरत नसाल, तर गोळी सुरू करा. पहिल्या मुलानंतर साधन बंद करणार असाल, तर ते बंद करण्याआधी गोळी सुरू करा.

सरकारच्या २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाच्या नियमांतही हेच लिहिले आहे. दिवस जाण्यापूर्वी आणि पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम, त्यानंतर चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र असलेली लाल गोळी रोज, १८० दिवस. नियम योग्य आहे. अडचण ही की लाल गोळी मागायला सगळ्या येतात आणि त्याआधीची गोळी मागायला जवळजवळ कोणी येत नाही. नवी नवरी दवाखान्यात कशाला जाईल? ती आजारी नसते आणि गरोदरही नसते. म्हणून मी आशाताईंना नेहमी सांगते, पाड्यात किंवा गल्लीत लग्नाचा मांडव दिसला की त्या घरचे नाव वहीत लिहून ठेवा.

शाळकरी मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी जरूर घ्यावी, तिने रक्त वाढते. पण तिच्यात फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असते आणि तेही आठवड्यातून एकदाच मिळते. मज्जानलिकेच्या रक्षणाला ते पुरत नाही. तेव्हा लग्नाआधी निळ्या गोळ्या घेतल्या होत्या म्हणून आता गरज नाही, असे समजू नये.

काही स्त्रियांना जास्त मात्रा लागते. आधी असे व्यंग असलेले मूल झाले असेल, तर पुढच्या खेपेला ते पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. अशा स्त्रीला रोज ४ मिलिग्रॅम द्यावे लागते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, तीच सहसा दिली जाते. फिट्सवरची औषधे घेणाऱ्या स्त्रिया, विशेषतः व्हॅलप्रोएट घेणाऱ्या, तसेच मधुमेह असलेल्या स्त्रिया यांनीही दिवस जाण्याआधी डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्यावी. फिट्सचे औषध मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये, त्याने आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

पानातले आणि तबेल्यातले

पावसाळ्यात आरेच्या पाड्यांतून टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या शिजतात. हिरव्या पालेभाज्या, मूग, चवळी, हरभरा, शेंगदाणे, संत्री यांत नैसर्गिक फॉलिक ॲसिड असते. ते रोज खावे. पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि फार वेळ शिजवल्याने नष्ट होते. भाजी उकळून पाणी फेकून दिले की त्याबरोबर तेही जाते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी. ज्या भाजीचे पाणी टाकावेच लागते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय अन्नातले फॉलिक ॲसिड गोळीतल्याइतके अंगी लागत नाही. भाजीने गोळीला मदत होते, पण तिची जागा घेता येत नाही.

आता दुसऱ्या जीवनसत्त्वाकडे येऊ. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही बैलजोडी आहे. एक बैल बसला की दुसऱ्याला गाडा ओढता येत नाही. बी-१२ कमी असेल तर अंगातले फॉलिक ॲसिड अडकून पडते आणि पेशींच्या कामी येत नाही. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटण यांतून मिळते.

महाराष्ट्रात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. फॉलिक ॲसिडची कमतरता मात्र क्वचितच होती. आयर्लंडमधल्या २००९ च्या अभ्यासात बी-१२ कमी असलेल्या मातांच्या बाळांना मज्जानलिकेच्या व्यंगाचा धोका दोन ते तीन पट दिसला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासातही अशा बाळांच्या मातांच्या रक्तात पेशींना वापरता येईल असे बी-१२ कमी आढळले. तेव्हा शाकाहारी स्त्रीने दूध-दही नियमित घ्यावे आणि डॉक्टरांना बी-१२ बद्दल आवर्जून विचारावे.

आरेत मला एक गोष्ट नेहमी खटकते. तबेल्यातले दूध शहरात जाते आणि तबेल्याला लागून असलेल्या घरात गरोदर बाईच्या हातात कोऱ्या चहाचा कप असतो. पेलाभर दूध परवडत नसेल तर सुकट, बोंबील, खेकडे आणि अंडे यांतूनही बी-१२ मिळते. सुनेच्या ताटात हे सगळ्यांत शेवटी आणि उरले तर, असे होऊ नये एवढेच.

आहारातही वेळेला महत्त्व आहे, हे मुंबईच्या एका प्रयोगात दिसले. २००६ पासून झोपडवस्तीतल्या साडेसहा हजार स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून नियमित खाऊ दिला गेला. काहींच्या खाऊत पालेभाज्या, सुका मेवा आणि दूध होते, तर काहींच्या खाऊत हलक्या प्रतीच्या भाज्या. सगळ्यांचा एकत्र विचार केला तेव्हा बाळाच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांना गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पौष्टिक खाऊ मिळाला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. हा प्रयोग व्यंगाचा नव्हता, वजनाचा होता. तरी आईच्या अंगातली शिदोरी आधीच भरलेली असावी लागते, हे त्यावरूनही कळते.

जास्त घेतले तर जास्त गुण?

असे समजू नका. ज्यांना विशेष कारण नाही त्यांना रोज ०.४ मिलिग्रॅम पुरते. अंगात बी-१२ कमी असताना फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली तर रक्त सुधारलेले दिसते, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालू राहू शकते.

जीवनसत्त्व अ च्या बाबतीत तर अतिरेक थेट घातक आहे. १९९५ साली अमेरिकेत २२ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात, रोज १०,००० युनिटपेक्षा जास्त तयार जीवनसत्त्व अ गोळ्यांतून घेणाऱ्यांच्या बाळांत व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसले. मुरुमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाने गर्भाला गंभीर व्यंग होते. लग्न ठरलेल्या मुलीला चेहऱ्यासाठी कोणी गोळ्या देत असेल, तर त्या कसल्या आहेत हे आधी विचारा. गाजर आणि पालेभाज्यांची मात्र भीती नको, त्यांच्यातले द्रव्य वेगळे असते.

वाचकांच्या काही शंका

गोळीने बाळ काळे होते का? नाही. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळसर होतो, त्यावरून हा समज पसरला असावा.

दोन महिने झाले, गोळी घेतलेली नाही. आता काय? आजपासून सुरू करा, रक्तासाठी ती लागतेच. घाबरू नका, गोळी न घेतलेल्या बहुतेक मातांचीही बाळे या व्यंगाशिवाय जन्मतात. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी चुकवू नका. त्यात हे व्यंग बहुधा दिसते. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार गर्भात गंभीर व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. निर्णय मात्र त्या स्त्रीचा असतो.

गोळी घेतली तर मूल निर्व्यंगच होईल का? अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मज्जानलिकेची सगळी व्यंगे गोळीने टळत नाहीत. इतरही अनेक व्यंगे असतात, त्यांची कारणे निराळी आहेत. गोळीने धोका बराच कमी होतो, आणि एवढ्या स्वस्त उपायासाठी ते पुष्कळ आहे.

सहा महिने गोळी घेतली, दिवस राहिले नाहीत. बंद करू का? करू नका. ०.४ मिलिग्रॅमची मात्रा चालू ठेवायला हरकत नाही. एक वर्षात दिवस राहिले नाहीत तर पती-पत्नी दोघांनी तपासणी करून घ्यावी.

पाठीवर उघडी जखम असलेले मूल जन्मले तर? हळद, राख, तेल काहीही लावू नका. निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने जखम हलकेच झाकावी, बाळाला पोटावर किंवा कुशीवर ठेवावे आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन दिवसांत झाली तर संसर्गाचा धोका कमी राहतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे, त्याखाली मोफत उपचारांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. यांतली कितीतरी मुले शाळेत जातात, हुशार निघतात. त्यांना टाकून देऊ नये.

शेवटी सासूबाईंना आणि आयांना एक विनंती. लग्नाच्या याद्यात भांडीकुंडी, साड्या, मानपान सगळे लिहिले जाते. त्याच कागदावर एक ओळ वाढवा : फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या. लेकीच्या पेटीत त्या ठेवा, सून घरी आली की तिला रोज रात्री जेवणानंतर आठवण करा. आणि कोणाच्या घरी व्यंग असलेले मूल जन्मले असेल, तर तिथे ग्रहणाचा विषय काढू नका. त्या आईला पुढच्या खेपेच्या आधी दवाखान्यात घेऊन जा.